उन्हात श्रम करणाऱ्यांचा उष्माघात : कारणे, प्रतिबंध व प्रथमोपचार

वर्षातील अनेक कष्टाची कामे नेमकी एप्रिल, मे आणि जून या महिन्यांत येतात. पावसाळ्यापूर्वी शहरांत धोकादायक फांद्या छाटल्या जातात. मध्य भारतातील जंगलांत तेंदूपत्ता गोळा केला जातो. वीटभट्ट्या, रस्त्यांची कामे आणि कच्छच्या छोट्या रणातील मिठागरे भर उन्हात चालू असतात. कोरडा ऋतू हाच या कामांचा हंगाम असल्यामुळे उन्हाळा टाळून ती करता येत नाहीत. उष्म्यापासून होणारी हानी मात्र बहुतांशी टाळता येते. त्यासाठी लाकूडतोडे, मजूर, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांना कामावर बोलावणारे नागरिक या सर्वांना ही माहिती असणे आवश्यक आहे.

श्रमामुळे शरीरात निर्माण होणारी उष्णता

निरोगी शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. कुऱ्हाड चालविताना, ओंडका उचलताना किंवा दोरावरून झाडावर चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा लहान भागच प्रत्यक्ष कामी येतो. सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जेची शरीरातच उष्णता होते. म्हणजे कष्टकऱ्याला एकाच वेळी सूर्याची आणि स्वतःच्या श्रमाची अशी दुहेरी उष्णता सोसावी लागते. सावलीत बसलेल्या माणसाला सुसह्य वाटणारे हवामान त्याच्यासाठी घातक ठरू शकते, ते यामुळेच.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. परंतु घाम नुसता निथळल्याने शरीर थंड होत नाही. त्याची वाफ व्हावी लागते. किनारपट्टीवरील दमट हवेत ती नीट होत नाही. त्यामुळे तेथे तापमापकाचा आकडा कमी असूनही धोका मोठा असतो. भारतीय हवामानशास्त्र विभाग उष्णतेची लाट ठरविताना मैदानी भागात ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश अशा वेगवेगळ्या किमान मर्यादा विचारात घेतो.

झाडे तोडणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. हेल्मेट, जाड कपडे आणि बूट यांमुळे उष्णता कोंडते. परंतु ही साधने काढून काम करणे जीवावर बेतू शकते. म्हणून साधने कायम ठेवून विश्रांती वाढविणे हाच योग्य मार्ग आहे. पाणी जमिनीवर आणि माणूस फांदीवर असल्याने पाणी पिणे लांबणीवर पडते. मशीनची करवत हाती असताना किंवा उंचावर असताना क्षणभर आलेली भोवळही प्राणघातक ठरू शकते.

पहिला आठवडा सर्वाधिक जोखमीचा

उन्हातील श्रमाची सवय होण्यास शरीराला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरील ताण घटतो. आजारपण, लग्नकार्य किंवा अन्य कारणाने आठवडाभर वा अधिक काळ काम सुटल्यास ही सवय ओसरू लागते. उष्म्याने दगावणाऱ्या कामगारांपैकी अनेकजण कामाच्या पहिल्या काही दिवसांतच दगावतात.

नव्या कामगारास पहिल्या दिवशी उन्हातील कामाचा केवळ एक पंचमांश भाग द्यावा आणि तो दररोज तेवढाच वाढवावा. अनुभवी कामगार खंडानंतर परतल्यास त्याला पहिल्या दिवशी निम्मे काम द्यावे व चौथ्या दिवशी पूर्ण कामावर आणावे.

पाणी, विश्रांती आणि मजुरी

तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. मात्र एका तासात दीड लिटरपेक्षा अधिक पाणी पिऊ नये. घाम फार येत असल्यास ताक, लिंबू-मिठाचे सरबत, पेज किंवा जलसंजीवनी घ्यावी. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे व ते पाणी २४ तासांत संपवावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मद्यपान टाळावे. हृदयरोग वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

अनेक महिला कामगार कामाच्या ठिकाणी शौचालय नसल्याने दिवसभर पाणी पिणे टाळतात. नगावर वा ठेक्यावर काम करणाऱ्यास विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी वाटते. म्हणून केवळ कामगाराला उपदेश करणे पुरेसे नाही. सावली, पाणी, शौचालय आणि मजुरी न कापता विश्रांती देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. दुपारी १२ ते ३ या वेळेत कष्टाचे काम ठेवू नये.

अंगणातील झाड तोडण्यासाठी आपण एखाद्यास बोलावतो, तेव्हा त्या दिवसापुरते आपणच काम देणारे असतो. त्यास पहाटे बोलवावे, एकट्यास चढू देऊ नये, पिण्याचे पाणी जवळ ठेवावे आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी करण्यास मोकळीक द्यावी.

लक्षणे कशी ओळखावीत

पोटरीत, हातात वा पोटात गोळे येणे ही पहिली सूचना होय. पुढे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा आणि भरपूर घाम ही उष्म्याने थकल्याची लक्षणे दिसतात. अशा वेळी काम थांबवून सावलीत आडवे व्हावे, अंग ओले करावे व घोटघोट पाणी प्यावे. अर्ध्या तासात बरे न वाटल्यास आरोग्य केंद्र गाठावे. झाडावर असताना चक्कर आल्यास एकट्याने घाईने उतरू नये. स्वतःस दोराने बांधलेले ठेवून सहकाऱ्यास हाक द्यावी.

शरीराचे तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक होऊन मेंदूच्या कार्यात बिघाड होणे म्हणजे उष्माघात. असंबद्ध बोलणे, अकारण चिडणे, झोकांड्या जाणे, झटके येणे वा शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा कामगारास मद्यपी समजून झोपू देण्याची चूक होऊ शकते. घाम थांबला तरच उष्माघात झाला, हा समजही बरोबर नाही. कष्ट करताना उष्माघात झालेल्या व्यक्तीस घाम येत असू शकतो.

उष्माघात झाल्यास पहिली ३० मिनिटे

१. तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र ती येईपर्यंत थांबून राहू नये. शरीर थंड करणे त्याच क्षणी सुरू करावे.
२. रुग्णास सावलीत न्यावे, हेल्मेट, बूट व जाड कपडे काढावेत.
३. सर्वांगावर पाणी ओतत राहावे व जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास कापडात गुंडाळून मान, काखा व जांघांत ठेवावा.
४. वाहनात नेतानाही अंग ओले करणे व वारा घालणे चालू ठेवावे.
५. शुद्ध नसल्यास वा गोंधळलेली अवस्था असल्यास तोंडाने पाणी देऊ नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णास कुशीवर वळवावे.
६. पॅरासिटामॉल वा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. ही औषधे संसर्गाच्या तापावर उपयोगी असली, तरी उष्माघातात त्यांचा लाभ होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. खिशात कांदा ठेवल्याने किंवा हुंगल्यानेही शरीराचे तापमान उतरत नाही.

घरी परतल्यानंतर

उष्म्याचे परिणाम संध्याकाळीही दिसू शकतात. लघवी फार कमी होणे, तिचा रंग काळ्या चहासारखा गडद होणे आणि सर्वांग तीव्र दुखणे ही स्नायूंची हानी होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याची चिन्हे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. रक्तदाब, मानसिक आजार वा अ‍ॅलर्जी यांवरील काही औषधांमुळे उष्मा सोसण्याची क्षमता कमी होते. ती स्वतःहून बंद करू नयेत; आपले काम उन्हातील आहे, हे डॉक्टरांस सांगावे.

पूर्वतयारीने जीव वाचविता येतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा लागू झाला. पूर्वसूचना, पिण्याच्या पाण्याची सोय आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर त्यात भर देण्यात आला. पुढे देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी असे आराखडे तयार केले. आपल्या भागातील उष्णतेचा इशारा आदल्या संध्याकाळीच पाहावा आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाची वेळ त्यानुसार ठरवावी. अधिक माहितीसाठी आशा स्वयंसेविका किंवा नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.