बीड, स्क्रू आणि संगणक: सीएनसी रूपांतरासाठी पहिले मिलिंग मशीन

हाताने चाके फिरवून चालवायच्या मिलिंग मशीनला मोटारी आणि नियंत्रक बसवून ते संगणकाच्या आज्ञेवर चालते करणे, म्हणजेच त्याचे सीएनसी रूपांतर करणे, हे धातुकामाच्या छंदात आता नवलाचे राहिलेले नाही. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अंकीय नियंत्रणाचे जे मिलिंग मशीन चालवून दाखवले, तेही मुळात सिनसिनाटी हायड्रोटेल हे तयार, भक्कम मशीनच होते आणि त्याला निर्वात नळ्यांचा नियंत्रक नंतर जोडलेला होता. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण मोटार, स्क्रू आणि नियंत्रक पुढे केव्हाही बदलता येतात, परंतु बिडाचा पाया, स्तंभ आणि सरकपट्ट्या बहुधा विकत घेतल्या तशाच राहतात.

या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, मशीन झिजलेले असले तरी चालते, उरलेली ढिलाई संगणक भरून काढतो. स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमध्ये असलेल्या फटीमुळे चाक उलट दिशेने फिरवताच टेबल क्षणभर हलतच नाही. या ढिलाईला बॅकलॅश किंवा कारखान्याच्या बोलीत ‘प्ले’ म्हणतात. मॅक-३ आणि लिनक्स-सीएनसी या नियंत्रक प्रणालींमध्ये तिची भरपाई करण्याची सोय आहे हे खरे, पण ती भरपाई म्हणजे दिशा बदलताना मोटारीला तेवढे जास्त फिरवणे, एवढेच. फट जागच्या जागीच राहते आणि टेबल तिच्यात मोकळेच असते. कटरच्या दात्यांची दिशा आणि टेबलाची सरक एकाच बाजूला असलेल्या कापणीत, म्हणजे क्लाइंब मिलिंगमध्ये, कटर टेबलाला स्वतःकडे ओढून घेतो, टेबल फटीएवढे पुढे उडी मारते, चिप एकाएकी जाड होते आणि बारीक कटर तुटतो. हाताने काम करणारा कारागीर म्हणूनच सहसा उलट बाजूने कापतो. संगणकाने वर्तुळ कापायला घेतले, तर ज्या चार ठिकाणी एखादा अक्ष दिशा बदलतो तिथे ढिलाईची खूण उमटते, आणि भरपाईचा आकडा कितीही नीट भरला तरी ती पुरती जातेच असे नाही.

यावरचा खरा उपाय बॉलस्क्रू हा आहे, ज्यात आटे एकमेकांवर घासण्याऐवजी मध्ये पोलादी गोळ्या फिरतात. त्याची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के असते, तर साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूची त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. छंदासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी-७ दर्जाच्या बॉलस्क्रूमध्ये ३०० मिमी अंतरात ०.०५ मिमीपर्यंत फरक ग्राह्य धरला जातो, आणि हा फरक दर वेळी सारखाच येत असल्याने तो मोजून नियंत्रकात नोंदवता येतो. सरकपट्ट्यांच्या झिजेला मात्र असा हिशेब लागू पडत नाही. टेबल नेहमी मध्यभागीच वापरले गेल्याने डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराची सरकपट्टी, मध्ये जास्त झिजते. तिथली ढिलाई घालवण्यासाठी गिब नावाची पाचर घट्ट केली की टेबल टोकांना अडकते. जुने मशीन पाहायला गेलेल्याने रंग आणि चकाकी बाजूला ठेवून गिब मध्यभागी नीट बसवावी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक फिरवावे आणि जोर सर्वत्र सारखाच लागतो का, हे आधी तपासावे.

मोटारीच्या आकड्यांनीही बरीच दिशाभूल होते. स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते; प्रत्येक पावलाचे दहा सूक्ष्म भाग केले आणि स्क्रूची लीड ५ मिमी असली, तर एका भागाला ०.००२५ मिमी सरक मिळते, आणि हाच आकडा मशीनची अचूकता म्हणून सांगितला जातो. वास्तविक ते केवळ आज्ञेचे सर्वांत लहान माप आहे. ‘क्लोज्ड लूप’ मोटारीनेही हे चित्र बदलत नाही, कारण तिचा एन्कोडर मोटारीच्या दांड्यावर असतो आणि टेबल प्रत्यक्ष कुठे आहे याची त्याला वार्ताच नसते. ‘नेमा २३’ हा आकडाही मोटारीची ताकद सांगत नसून २.३ इंचांच्या दर्शनी चौकटीचे माप तेवढे सांगतो.

स्तंभाच्या बाबतीत ‘गोल काय, चौकोनी काय’ ही समजूत फार टिकणारी नाही. आरएफ-३० धाटणीच्या मशीनचा स्तंभ गोल असतो, त्यामुळे ड्रिल काढून आखूड कटर लावताना डोके वरखाली केले की ते स्तंभाभोवती किंचित फिरते आणि आधी साधलेले केंद्र हरवते; सीएनसी कामात एका जोडणीत अनेक हत्यारे लागतात, म्हणून हा दोष तिथे विशेष जाचतो. आरएफ-४५ धाटणीचा डोव्हटेल स्तंभ यासाठीच अधिक दाम देऊन घेण्यासारखा आहे. सीग एक्स-२ या लोकप्रिय लहान मशीनच्या मूळ रूपात कलता येणारा स्तंभ एकाच मोठ्या नटाने पायाला धरलेला असतो आणि मशीनचा लवचीकपणा बराचसा तिथूनच येतो.

स्पिंडलचा वेगही खरेदीच्या वेळी सहसा विचारला जात नाही. ६ मिमी कार्बाइड कटरने ॲल्युमिनियम मिनिटाला २०० मीटर या वेगाने कापायचे, तर १०,६०० च्या आसपास फेरे लागतात, आणि २,५०० फेऱ्यांच्या मशीनवर तोच कटर जेमतेम ४७ मीटरवर चालतो. तुटणार काही नाही, पण कामाचा वेळ लांबतो.

बैठकीवरचे लहान मशीन सोडून ब्रिजपोर्ट धाटणीचे, भारतीय कारखान्यांत ‘एम१टीआर’ म्हणून ओळखले जाणारे मोठे मशीन घ्यावे का, या प्रश्नावर ‘घरी थ्री-फेज नाही’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. घरच्या २३० व्होल्टच्या एका फेजवरून तीन फेज देणारा व्हीएफडी मिळतो, आणि ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत चालणाऱ्या लहान मोटारीची सहाही टोके बाहेर काढलेली असतील तर ती डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालवता येते. खरी अडचण जवळपास टनभर वजन कुठे आणि कसे उतरवायचे, ही आहे.

राहता राहिला उभा अक्ष. हाताच्या मशीनमध्ये सोडून दिलेले डोके आहे तिथेच थांबते, म्हणून बॉलस्क्रू लावल्यावरही ते तसेच थांबेल असे गृहीत धरले जाते. पण साध्या स्क्रूमध्ये डोक्याला धरून ठेवणारे घर्षणच बॉलस्क्रूमध्ये उरत नाही, आणि स्टेपर मोटारीचा वीजप्रवाह तुटताच जड डोके आपल्या वजनाने खाली येऊन कटरसकट कामाच्या तुकड्यावर बसू शकते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावात तर वीज गेल्यावर आपोआप आवळणारा ब्रेक असलेली मोटार, किंवा डोक्याचा भार पेलणारे प्रतिवजन वा गॅस स्प्रिंग, यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा लागतो.