पराशराचा एक श्लोक, दोन निवाडे

धर्मग्रंथात लिहिले आहे तेवढे सरळ वाचावे, मध्ये पंडितांची लुडबुड नको, हे म्हणणे कानाला गोड लागते. पराशरस्मृतीतला एक श्लोक घेऊन तसे वाचू गेले की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे तो सांगतो. १८५५ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी कलकत्त्यात विधवाविवाहाची बाजू मांडली ती याच्याच आधारावर. विरोधकांपुढेही हाच श्लोक होता. पण चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी आपल्या टीकेत ही मुभा मागच्या युगांपुरती ठरवली होती, तर काहींनी पती म्हणजे केवळ वाग्दत्त वर असे सांगून विषयच मिटवला. श्लोकाचे एक अक्षरही कोणी बदलले नव्हते.

मग वाटेल तो अर्थ काढावा काय? तसे नाही. मीमांसकांनी अर्थनिर्णयाच्या कसोट्या घालून दिल्या आहेत. ग्रंथ कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, ही त्यांतली पहिली. पराशरस्मृतीच्या आरंभी ऋषी कलियुगाचा धर्म विचारायला येतात आणि व्यास त्यांना बदरिकाश्रमात आपल्या पित्याकडे, पराशरांकडे, नेतात. कलीसाठी सांगितलेल्या ग्रंथात मधलाच श्लोक दुसऱ्या युगाचा कसा, हा विद्यासागरांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मात्र लगेच पुढे ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेला स्वर्ग सांगितला आहे आणि त्यानंतर सहगमनाची थोरवी गायली आहे. म्हणजे पुनर्विवाहाला परवानगी आहे, गौरव नाही. विद्यासागरांच्या पक्षालाही याहून पुढे जाता येत नव्हते.

विद्यासागरांना आधी विधवांचे हाल दिसले आणि मग श्लोक सापडला, असे कोणी म्हणेल. असेलही, पण विधवांचे केशवपन चालू ठेवणाऱ्यांना तरी हेतू नव्हता काय? १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. पुण्यात १८७० मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुनर्विवाहवादी पक्षाने शंकराचार्यांपुढे वाद घातला, तेव्हा निकाल उलटा लागला. शास्त्राचा आधार शोधण्यावरच सुधारक आगरकरांचा आक्षेप होता आणि तो मुळावरचा होता: बुद्धीला पटते त्याला शास्त्राचा शिक्का हवा कशाला? स्वतःपुरते हे उत्तर पुरे आहे. पण ज्या घरात विधवेचे हाल शास्त्राच्या नावाने चालत, तिथल्या कर्त्या पुरुषाला आगरकरांचा लेख उंबऱ्याबाहेर ठेवता येई. पराशराला तसे बाहेर ठेवणे त्याला जड जाई.