गतिवर्धित घरगुती संगणकाची स्थिरता-चाचणी : भंडारा जिल्ह्याच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणक हे अध्यापन व संशोधनाचे अविभाज्य साधन बनले आहे. प्रबंधातील सांख्यिकीय आकडेमोड, विद्यार्थ्यांचे गुणतक्ते, प्रश्नावलींचे विश्लेषण ही कामे अनेक प्राध्यापक घरच्याच संगणकावर करतात. हाच संगणक घरातील मुले खेळांसाठीही वापरतात आणि त्यासाठी त्याची गती कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवितात. या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. असा संगणक बंद पडला तर दोष लगेच लक्षात येतो. तो बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ लागला तर मात्र तो दोष प्रबंधाच्या तक्त्यात जाऊन बसतो. म्हणूनच स्थिरता-चाचणी हा केवळ हौशी मंडळींचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात या चाचणीमागील तत्त्व, तिच्या पद्धती व मर्यादा यांचा भंडारा जिल्ह्याच्या हवामानाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

गतिवर्धन आणि अस्थिरतेची कारणे

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया क्लॉकच्या ठोक्यावर चालते. ४ गिगाहर्ट्झ गतीला एका ठोक्यासाठी ०.२५ नॅनोसेकंद, तर ५ गिगाहर्ट्झला केवळ ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत विद्युतसंकेत एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात पोहोचला नाही, तर १ च्या जागी ० नोंदला जाऊ शकतो. उत्पादक सुरक्षिततेसाठी काही राखीव वाव ठेवतात आणि गतिवर्धन हाच वाव खर्च करते. १९९८ साली बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे.

गती वाढविताना बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. प्रोसेसरची गतिक वीजखपत ही गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास ही खपत सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते व त्या सर्व विजेची उष्णता होते.

चाचणीच्या प्रमुख पद्धती

पहिली चाचणी स्मृतीची. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम विंडोज सुरू न करताच चालतो. तो स्मृतीच्या प्रत्येक भागात ठरावीक आकृतिबंध लिहून ते पुन्हा वाचतो व फरक नोंदवितो.

दुसरी चाचणी प्राइम९५ या प्रोग्रामची. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी सुरू केलेल्या जागतिक उपक्रमाचा हा प्रोग्राम आहे. मोठ्या संख्यांच्या गुणाकारात एका बिटाची चूकही संपूर्ण निष्कर्ष निरर्थक ठरविते, म्हणून त्यात चूक पकडण्याची व्यवस्था आधीपासूनच होती. चाचणीत ज्यांची उत्तरे ज्ञात आहेत अशीच गणिते करविली जातात व उत्तर जुळले नाही की दोष जाहीर होतो.

तिसरी चाचणी लिनपॅकची. यात रेषीय समीकरणांची मोठी संहती सोडवून उत्तर मूळ समीकरणांत ताडून पाहिले जाते. महासंगणकांची जागतिक क्रमवारीही याच कसोटीवर ठरते. पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजच्या ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप्सची नोंद करून त्या क्रमवारीत चौथे स्थान मिळविले होते.

यांपैकी एकच चाचणी पुरेशी नसते. पूर्ण भारावर स्थिर असलेला संगणक हलक्या कामाच्या वेळी, व्होल्टेज खाली-वर होत असताना अडखळू शकतो.

चाचणी किती वेळ चालवावी?

एखाद्या संगणकात सरासरी दर १० तासांनी एक चूक होते असे मानू. चुका यादृच्छिक असतील तर एक तासाची चाचणी तो निर्दोष पार पाडण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते, तर २४ तासांच्या चाचणीत ती सुमारे ९ टक्क्यांवर येते. मात्र २४ तास एकही चूक आढळली नाही, तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढेच म्हणता येते की दोन चुकांमधील सरासरी अंतर किमान ८ तास आहे. चाचणी दोषाचे अस्तित्व सिद्ध करते, त्याचा अभाव सिद्ध करीत नाही. यास्तव ज्या गतीवर चाचणी यशस्वी झाली, तिच्याहून एक-दोन पायऱ्या खालची गती नित्य वापरासाठी ठेवणे इष्ट ठरते.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ

भंडारा, तुमसर, पवनी वा साकोली येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पंख्याने थंड होणाऱ्या संगणकात खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढते. डिसेंबरमध्ये २२ अंशांच्या खोलीत चाचणीच्या वेळी ७८ अंशांवर राहिलेला प्रोसेसर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९८ अंशांच्या जवळ पोहोचेल. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःची गती आपोआप घटवितात, पण चुका त्याआधीही होऊ शकतात. म्हणजेच हिवाळ्यात उत्तीर्ण झालेली चाचणी उन्हाळ्यासाठी ग्राह्य धरता येत नाही.

विदर्भातील घरांत खोली थंड ठेवण्याचे काम बहुधा कूलर करतो. वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो, पण कूलर थांबतो आणि खोली तापू लागते. चाचणी कूलर बंद ठेवून व बाह्य तापमान सर्वाधिक असताना घेतल्यास ती या परिस्थितीला धरून होईल. त्यापूर्वी पंख्यांवर व हीटसिंकवर साचलेली धूळ काढणे आवश्यक आहे. प्रत्येक चाचणीचा दिनांक, खोलीचे व प्रोसेसरचे तापमान, गती, व्होल्टेज, कालावधी आणि निष्पत्ती यांची नोंद ठेवावी.

मूक चुकांचा प्रश्न

गतिवर्धन न केलेले संगणकही या प्रश्नापासून मुक्त नाहीत. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एका सदोष प्रोसेसरची हकीकत आहे. १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक भाग १५६ येतो, परंतु तो प्रोसेसर ० असे उत्तर देत होता. संगणक व्यवस्थित चालू होता आणि कोणतीही सूचना येत नव्हती. २०२४ साली इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतही अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली आणि कंपनीस सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला, तसेच हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

निष्कर्ष

स्थिरता-चाचणी प्रथम कारखान्याच्या मूळ गतीवर, नंतर प्रत्येक वाढीनंतर आणि पुन्हा ऐन उन्हाळ्यात घेणे आवश्यक ठरते. खेळांच्या वापरात एखादी चूक क्षम्य असते. विद्यार्थ्याचे गुण वा प्रबंधाचे निष्कर्ष यांत ती क्षम्य नसते. म्हणून शैक्षणिक आकडेमोडीच्या वेळी संगणक मूळ गतीवर आणावा, महत्त्वाचे विश्लेषण दुसऱ्या संगणकावर पुन्हा करून दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत व मगच निष्कर्ष स्वीकारावेत. मर्सेन संख्यांच्या शोधातही एका संगणकाचे उत्तर दुसऱ्याने दुजोरा दिल्यावरच ग्राह्य धरण्याचा प्रघात याच कारणाने रूढ झाला.