आब आणि जौहर : उष्णतेने पोलादात काय घडते?

उर्दूत तलवारीच्या धारेला ‘आब’ म्हणतात, तर तिच्या पात्यावर दिसणाऱ्या लहरींना ‘जौहर’. आब म्हणजे पाणी. मराठीतही लोहार हत्याराला ‘पाणी देतो’ आणि तेजस्वी माणसाला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. ‘पोलाद’ हा शब्दही फारसी ‘पूलाद’वरून आलेला. हे शब्द वर्गात शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, पाण्याने लोखंड कडक कसे होते?” प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक असला, तरी या प्रश्नाचे उत्तर टाळणे त्याला योग्य वाटत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. धातू द्रवणांकापर्यंत जसाच्या तसा राहतो आणि मग एकदम वितळतो, असे आपण समजतो. कथील 232, शिसे 327, ॲल्युमिनियम 660, तांबे 1085 आणि शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते, एवढे पाठ करून आपण थांबतो. परंतु महत्त्वाचे बदल त्याच्या कितीतरी आधी घडतात.

पहिला बदल प्रसरणाचा. दहा मीटर लांबीची पोलादी तुळई 500 अंशांनी तापली, तर सुमारे सहा सेंटिमीटर वाढते. दुसरा बदल बळाचा. सुमारे 550 ते 600 अंशांना बांधकामाच्या पोलादाचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. इमारतीला लागलेली आग 800 ते 1000 अंशांपर्यंत सहज जाऊ शकते. म्हणजे पोलाद वितळत नाही, पण भार पेलण्याची त्याची ताकद जाते. ‘लोखंड आहे, त्याला काय होणार?’ हा विश्वास म्हणूनच जिवावर बेतू शकतो. सळ्यांवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

तिसरा बदल अंतर्रचनेचा. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. सुमारे 727 अंशांच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बन विरघळतो. तापलेले पोलाद सावकाश थंड झाले, तर कार्बन वेगळा होऊन आपली जागा घेतो व पोलाद नरम राहते. ते एकदम पाण्यात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकून पडतो आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ होते. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग आला, की सुमारे 230 अंश. निळा आला, की सुमारे 300. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यावर थांबले तर लवचीकपणा येतो.

मात्र ही किमया पाण्याची नव्हे. तांबट ठोकून कडक झालेले भांडे लाल तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा ते नरमच असते. कारण तांब्यात असा कार्बनचा खेळ नाही.

आता जौहरकडे वळू. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे मुशीत पोलाद तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी यांनी त्याचे वर्णन केले. ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथे येत. अशा पोलादाचे नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इंग्लंडला पाठवले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. या ‘वुट्झ’ पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का असे. कार्बन जितका अधिक, तितक्या कमी तापमानाला पोलाद वितळू लागते. युरोपातील लोहार आपल्या सवयीप्रमाणे ते पांढरे होईतो तापवत आणि घणाखाली त्याचे तुकडे होत. दख्खन व इराणचे कारागीर ते कमी आचेवर, पुन:पुन्हा तापवून घडवत. त्यातून कार्बनयुक्त कठीण कणांच्या रांगा तयार होत. त्याच जौहरच्या लहरी. एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला आणि आचेचे हे ज्ञान बहुतांशी कारागिरांबरोबर गेले. ते फारसे कोणी लिहून ठेवले नव्हते.

वर्गात दाखवण्यासाठी तीन शिवणाच्या सुया पुरेत. एक तशीच ठेवावी. दुसरी चिमट्यात धरून लाल तापवावी व हवेत सावकाश निवू द्यावी, ती वाकते. तिसरी लाल तापवून लगेच पाण्यात बुडवावी; ती कडकन मोडते. डोळ्यांवर चष्मा हवा आणि मोडताना सुई फडक्यात धरावी. तिन्ही सुयांचे पोलाद एकच, द्रवणांकही एकच. फरक पडला तो निवण्याच्या वेगाने. एवढे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले, की ‘पाणी देणे’ हा वाक्प्रचार त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.