पाच व्होल्ट, शून्य व्होल्ट आणि मधला वेग

जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला पंचवीस भोकांचं एक आडवं तोंड असायचं. प्रिंटरची बोटभर जाडीची केबल त्यात खुपसायची आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे. सगळे त्याला प्रिंटर पोर्ट म्हणत. पुस्तकांत पॅरलल पोर्ट. सेंट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीनं १९७० मध्ये आपल्या प्रिंटरसाठी ही जोडणी काढली आणि १९८१ मध्ये आयबीएमनं ती आपल्या पीसीत पंचवीस पिनांत बसवली. कागदावर अक्षरं उमटवण्यापलीकडे या तोंडाचा काही उपयोग असेल, असं कॉलेजात जाईपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. मग एका सीनियरनं क्यूबेसिक उघडून एक ओळ लिहिली: आउट ८८८, १. एंटर मारला. केबलच्या टोकाला लावलेला इवलासा लाल एलईडी पेटला.

८८८ हा बहुतेक पीसींमध्ये त्या पोर्टचा घरक्रमांक. सोळाच्या पायावर मोजणारे तोच ३७८ असा लिहितात. या घरात आठ खोल्या, पिन २ ते पिन ९. तिथे १ लिहिलं की पिन २ वर साधारण पाच व्होल्ट येतात, २ लिहिलं की पिन ३ वर, २५५ लिहिलं की आठही पिनांवर. ० लिहिलं की सगळीकडे अंधार. आणि एकदा सांगितलं की पुढचा हुकूम येईपर्यंत पोर्ट ते धरून ठेवतो. प्रोग्रॅम ही हाताला न लागणारी गोष्ट तारेत उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

एलईडी पेटला की पुढचा मोह मोटरचा. तिच्या दोन तारा थेट पोर्टला लावल्या तर? बहुधा काहीच होत नाही आणि झालंच तर पोर्ट जातो. त्याची एक पिन जेमतेम काही मिलिअँपिअर देते. खेळण्यातली साधी मोटर दोनेकशे मागते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मुंगीच्या खांद्यावर नांगर देण्यातला प्रकार. म्हणून मधे ट्रान्झिस्टर लागतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ‘टिप एकशे बावीस’ एवढंच म्हटलं की काउंटरमागचा माणूस न बघता डबीत हात घालायचा. एका मिलिअँपिअरच्या इशाऱ्यावर हा तीन पायांचा काळा ठोकळा अँपिअरभर प्रवाह सोडतो किंवा अडवतो. मोटरचं जेवण बॅटरीकडून, पोर्टकडून नुसती मानेची खूण.

सावध माणूस त्याच्याही आधी एक ऑप्टोकपलर घालतो. नखाएवढ्या काळ्या चिपमध्ये एका बाजूला एलईडी, समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, आणि दोघांमध्ये एकही तार नाही. कॉम्प्युटरचा निरोप त्या बंद अंधाऱ्या खोलीतून उजेड होऊन पलीकडे जातो. मोटरच्या बाजूला काहीही जळालं तरी उलट्या दिशेनं वीज येऊ शकत नाही. सगळ्या सर्किटमध्ये मला सर्वांत जास्त आवडणारा तुकडा हाच, आणि तो आत काय करतो हे डोळ्यांना कधीच दिसत नाही.

इथवर मोटर पूर्ण वेगानं फिरते किंवा थांबते. आता खरा प्रश्न. मला अर्धा वेग हवा आहे. पोर्टला तर दोनच शब्द येतात, पाच व्होल्ट आणि शून्य व्होल्ट. ‘थोडं’, ‘बेतानं’, ‘हळू’ असले शब्द त्याच्या कोशात नाहीत.

एक मार्ग आहे. आठ पिनांना रेझिस्टरांची ठरावीक शिडी जोडायची, म्हणजे शून्य ते पाच व्होल्टच्या मध्ये २५६ पायऱ्या मिळतात. कोवॉक्स नावाच्या कंपनीनं १९८७ मध्ये याच युक्तीनं प्रिंटर पोर्टमधून आवाज काढून दाखवला होता. पण मोटरला हे मानवत नाही. सहा व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला तीनच द्यायचे, तर उरलेले तीन ट्रान्झिस्टरला आपल्या अंगावर झेलावे लागतात. मोटर जेवढी वीज खाते तेवढीच त्याच्या अंगात उष्णता होऊन बसते. आपल्या घरांत पंख्याचे ते जुने डबा रेग्युलेटर होते ना, हात लावला की कोमट लागायचे? तोच हिशेब. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आणि तशा डीसी लोकल पुढे कित्येक दशकं स्टेशनातून सुटताना मोटरींच्या जोडीला मोठाले रेझिस्टन्स घेऊन सुटत. वेग पकडेपर्यंतची बरीचशी वीज डब्याखालची हवा तापवण्यात जायची.

उत्तर टायर पळवणाऱ्या पोराकडे आहे. सायकलचा टायर आणि हातात काठी. पोरगं टायरला सतत ढकलत नाही. फटका, सोड, फटका, सोड. फटका पूर्ण असतो, सोडणंही पूर्ण असतं. अर्धा फटका असं काही नसतंच. तरी टायर सलग पळतो. जोरात पळवायचा तर फटक्यांमधली मोकळीक कमी करायची, सावकाश हवा तर वाढवायची.

मोटरला असंच फटकवायचं. आम्ही टर्बो सीमध्ये लिहिलं: पिन चालू, दहा मिलिसेकंद थांब, पिन बंद, दहा मिलिसेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. मोटर अर्ध्या जोरावर फिरू लागली. पाच चालू आणि पंधरा बंद केलं, मंदावली. पंधरा चालू, पाच बंद, सुसाट. तारेवर अर्धा वेग कुठेच नव्हता. कुठल्याही क्षणी तपासा, पाच नाहीतर शून्य. अर्धेपण होतं ते फक्त वेळात. ट्रान्झिस्टरही खूश, कारण पूर्ण उघडा असताना त्याच्या वाट्याला व्होल्टभर येतो आणि पूर्ण बंद असताना प्रवाहच नसतो. तो तापतो ते मधेच लटकल्यावर. या युक्तीचं भारदस्त नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन, बोलताना पीडब्ल्यूएम.

फटके किती भराभर मारायचे, यातही गंमत आहे. सेकंदाला दोनदा मारले तर मोटर उचकी लागल्यासारखी चालते. पन्नासदा मारले की गुरगुरत पण सलग फिरते. काहीशेवर गेलं की ती चक्क गाऊ लागते. फटक्यांची संख्या हाच तिचा सूर. ऑस्ट्रियाच्या रेल्वेत सीमेन्सनं बनवलेलं टॉरस नावाचं इंजिन आहे. ते सुटताना स्पष्ट सुरांची चढती पट्टी ऐकू येते, आणि तो आवाज विजेचे तुकडे पाडणाऱ्या स्विचांमुळेच उमटतो. मुंबईच्या नव्या लोकलचा सुटतानाचा तो चढता आवाजही त्याच घराण्यातला. सेकंदाला वीस हजारांच्या वर गेलं की माणसाचा कान हरतो आणि मोटर गप्प झाल्यासारखी वाटते.

माझी स्वतःची पहिली मोटर मात्र साफ बिघडली, म्हणजे मला तसं वाटलं. भंगारातल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेली होती. काही केल्या वेग नीट कमी होईना. मधेच अडखळे, मधेच पूर्ववत. दोन दिवस मी प्रोग्रॅमला दोष दिला. मग कळलं की कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानंच सरकायला हवी, नाहीतर गाणं बेसूर होतं. म्हणून अशा अनेक मोटरींच्या पोटातच वेग राखणारं सर्किट बसवलेलं असतं. मी हळू हो म्हणत होतो आणि ती इमानानं आपलं काम सांभाळत होती.

आता डायोडबद्दल सांगायलाच हवं. मोटरच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि गुंडाळीतून वाहणाऱ्या प्रवाहाला एकदम थांबणं आवडत नाही. अचानक वाट बंद केली तर गुंडाळी आपला दाब प्रचंड वाढवून कुठूनतरी फुटायला बघते. पेट्रोलवरच्या स्कूटरचा प्लग याच हट्टावर ठिणगी टाकतो. आपल्या सर्किटमध्ये ती ठिणगी ट्रान्झिस्टरच्या पोटात पडते. म्हणून मोटरच्या दोन टोकांना उलटा डायोड लावायचा, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद झाला की प्रवाह त्या आडवाटेनं गोल फिरत राहतो. हा डायोड नुसता राखणदार आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण तो वाट देतो म्हणूनच बंदच्या काळातही प्रवाह पुरता मरत नाही आणि मोटरला थोडी ओढ मिळत राहते. धक्के न खाता सलग चालणाऱ्या मोटरीत चक्राच्या जडत्वाइतकाच या आडवाटेचाही वाटा असतो.

आणि मोटर स्वतः तरी काय चीज आहे! १८२१ मध्ये मायकेल फॅरडेनं पाऱ्यात बुडवलेली लोंबती तार चुंबकाभोवती फिरवली. १८३१ मध्ये त्यानंच चुंबक हलवून तारेत वीज उमटवली. शोध दोन, मधे दहा वर्षं. पण तळहातावरच्या मोटरमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू असतात. ती विजेवर फिरते आणि फिरता फिरता बॅटरीविरुद्ध वीज निर्माणही करते. जितका वेग, तितका विरोध. मोकळी सोडली तर हा विरोध बॅटरीच्या जवळपास बरोबरीला येतो आणि ती नावापुरताच प्रवाह घेते. दांडा चिमटीत धरा: वेग घटतो, विरोध घटतो, प्रवाह वाढतो, मोटर आपणहून जोर लावते. कुणी सांगितलेलं नसतं. फटक्यांमधल्या मोकळिकीत हीच उलटी वीज मोजली, तर मोटर किती वेगानं फिरते आहे हे तिच्याच तोंडून कळतं. खेळण्यातल्या आगगाड्यांचे चांगले कंट्रोलर असंच विचारतात.

कॉम्प्युटरनं मात्र पुढे दगा दिला. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम, सगळं घर त्याचं. विंडोज आल्यावर घरात पाहुणे वाढले. दहा मिलिसेकंद म्हणावं आणि पंचवीस लागावेत. माउस हलवला की मोटर अडखळे. विंडोज एक्सपीनं तर प्रोग्रॅमला पोर्टला थेट हात लावायलाच बंदी केली. शहाणपण होतं त्यात, पण आमची मजा गेली. हळूहळू ते पंचवीस भोकांचं तोंडही कॉम्प्युटरवरून नाहीसं झालं आणि यूएसबी आली. फटके मारण्याचं काम आता अर्डुइनोसारखी, २००५ मध्ये इटलीतल्या इव्रियात जन्मलेली छोटी पाटी करते. तिच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० फटके पडतात, तेही आतल्या घड्याळाच्या ठेक्यावर. प्रोग्रॅम झोपला तरी चालतं. त्या हुकुमाचं नाव आहे ‘अ‍ॅनालॉग राइट’. नावात अ‍ॅनालॉग, पण पिनवर आजही फक्त पाच आणि शून्य.

घरात जुना पीसी पडला असेल तर भंगारात देण्याआधी त्याची पाठ एकदा बघा. पंचवीस भोकं दिसली तर पिन २ आणि पिन १८ यांच्यामध्ये चारशे सत्तर ओहमच्या रेझिस्टरसह एक एलईडी लावा, आणि डॉस सुरू करून ८८८ वर १ लिहा. तो पेटला की ट्रान्झिस्टर आणा, वेगळी बॅटरी घ्या, मग मोटर जोडा. डायोडची पट्टीची बाजू बॅटरीच्या प्लसकडे.