चाळीस किलोंचा आरसा आणि प्रकाशाचा धक्का

मराठवाड्यावर लेख मागवायचा तर संपादकांना बहुधा अवर्षण तरी आठवते किंवा लातूरच्या मुलांचे गुण तरी. या खेपेस मात्र त्यांनी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याकडे बोट दाखवले, आणि नांदेडहून तासा-दीड तासाच्या वाटेवर लायगो-इंडिया या वेधशाळेसाठी जी जागा मुक्रर झाली आहे, तिचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले.

दफ्तरी इतिहास लवकर उरकतो. दोन कृष्णविवरांच्या विलयातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपल्या, 11 फेब्रुवारी 2016 रोजी ती वार्ता जगजाहीर झाली, आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी यायला मात्र एप्रिल 2023 उजाडला. पुण्याची आयुका या कामातील एक प्रमुख संस्था. तेथील संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्यासह, कोलाहलातून असा क्षीण संकेत हुडकून काढण्याच्या गणितावर 1991 मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता.

माझे मन गुंतले ते आरशात. चार-चार किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन निर्वात नळ्यांत लेसरचा प्रकाश आरशांमध्ये शेकडो वेळा ये-जा करतो. त्यांतील प्रत्येक आरसा 40 किलो वजनाचा, 34 सेंटिमीटर व्यासाचा, आणि एकाखाली एक अशा चार लंबकांच्या शेवटच्या पायरीवर, जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर टांगलेला. लहर आली की या आरशांमधील अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी बदलते, आणि तेवढा बदल प्रकाशाने सांगावा अशी अपेक्षा असते.

परंतु हा साक्षीदार तटस्थ नाही. प्रकाशाला वस्तुमान नसले तरी संवेग असतो, आणि आरशावरून परतताना तो त्याला ढकलतो. नळीत 750 किलोवॉट प्रकाश साठवला, तर आरशावरील दाब अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढा भरतो. आरसा हलला की नळीतील प्रकाशाची तीव्रता बदलते, तीव्रता बदलली की दाब बदलतो, आणि बदललेला दाब आरशाला पुन्हा हलवतो. प्रकाश आणि यांत्रिक गती यांचे हे परस्परबंधन आज नॅनो परिमाणावरील पीएच.डी. संशोधनाचा एक समृद्ध विषय होऊन बसले आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील ऑस्कर पेंटर यांच्या प्रयोगशाळेतून, पीएच.डी. करणाऱ्या जॅस्पर चॅन यांचे नाव अग्रभागी असलेला निबंध आला. सिलिकॉनच्या एका सूक्ष्म पट्टीचे सेकंदाला सुमारे 3.7 अब्ज वेळा होणारे कंपन लेसरने इतके शांत केले गेले की, तिच्यात सरासरीने एक पुंजही ऊर्जा उरली नाही. पुढे 2021 मध्ये खुद्द लायगोच्या आरशांची, 10 किलो परिणामी वस्तुमानाची गती सुमारे 11 पुंजांपर्यंत उतरवण्यात आली. नॅनो पट्टीचा आणि या अवजड काचेचा धर्म एकच, हे त्यातून सिद्ध झाले.

अडचणींचा पाढा येथून सुरू होतो. जे बंधन गती शमवते तेच ती भडकवूही शकते, असा इशारा रशियन शास्त्रज्ञ ब्रागिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दिला होता. आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणानुसार, प्रकाशाची शक्ती वाढवताच आरसा सेकंदाला सुमारे 15,000 कंपनांच्या सुरात आपण होऊन गुणगुणू लागला, तो सूर प्रकाशाच्याच ऊर्जेवर पुष्ट होत गेला, आणि यंत्राचा तोल सुटला. तेव्हा आरसा कडेने किंचित तापवून त्याची वक्रता बदलावी लागली, आणि पुढे त्याच्या अंगाला कंपन गिळणारे लहान शामक चिकटवावे लागले. प्रकाश वाढवावा तर हे विघ्न, कमी करावा तर मापन ढोबळ. या पेचातून औंढ्याच्या यंत्राचीही सुटका नाही.

त्यात भूमीची चिंता निराळी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीने जो भूकंप पाहिला, त्याची स्मृती या भागात अजून घरोघर आहे. आणि 2024 च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोलीत 4.5 तीव्रतेचे धक्के बसून नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. लंबकांची उतरंड जमिनीची नित्याची थरथर गाळून टाकते. मोठ्या धक्क्यापुढे मात्र, तो दूरवरचा असला तरी, तिचा इलाज चालत नाही, आणि निरीक्षण थांबवून आरसे पुन्हा स्थिर करावे लागतात.

तथापि माझी खरी काळजी माणसांची आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चारही जिल्हे येतात, म्हणजे ही वेधशाळा त्याच्या अंगणातच उभी राहणार. तिच्या फाटकावर पहारेकरी स्थानिक आणि आत संशोधक परगावचे, अशी वाटणी झाली तर 2,600 कोटींतून मराठवाड्याच्या पदरात फारसे काही पडले असे म्हणता येणार नाही. लातूरच्या शिस्तीत वाढलेल्या, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशयाद्या भरून काढणाऱ्या मुलांपैकी काहींनी तरी या आरशावर प्रबंध लिहावा, आणि त्यासाठी लागणारी शिष्यवृत्ती व प्रयोगशाळा विद्यापीठाने आणि शासनाने वेधशाळा उभी राहण्यापूर्वीच सिद्ध ठेवावी.