'तपशील' कोण ठरवतं?

आपण रोज वापरतो तो 'तपशील' हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांच्या 'तफसील सानवी' या कादंबरीच्या नावात तोच शब्द आहे. अर्थ: एक दुय्यम तपशील.

1949 साली नकब वाळवंटात इस्रायली सैनिक एका बदाउनी मुलीवर बलात्कार करून तिला मारतात. अनेक वर्षांनी रामल्लाहमधली एक बाई या घटनेचा माग काढायला निघते. पण कागदपत्रं जिथे आहेत तिथे जायची तिला परवानगीच नाही. म्हणून ती दुसरीचं ओळखपत्र घेऊन जाते.

मूळ अरबी पुस्तक 2017 चं, इंग्रजी अनुवाद 2020 चा. ऑक्टोबर 2023 मध्ये याच कादंबरीसाठी शिबलींना फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात 'लिबेराटूरप्राइस' मिळणार होतं. गाझातलं युद्ध सुरू झालं आणि आयोजक संस्थेने समारंभ पुढे ढकलला. लेखिकेशी बोलूनच हे ठरलं, असं आधी सांगितलं गेलं. तिच्या एजन्सीने ते नाकारलं. मग हजाराहून जास्त लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्यात ॲनी एर्नो आणि अब्दुलरझाक गुर्नाह हे नोबेल विजेतेही होते.

ही बातमी तुम्ही ऐकली असेल. पण व्यासपीठ हे शेवटचं दार झालं. त्याआधीही दारं असतात.

पहिलं दार परवान्याचं. वेस्ट बँकमध्ये ऑगस्ट 1967 च्या लष्करी आदेश क्र. 101 नुसार राजकीय आशयाचं काहीही छापायला लष्कराची परवानगी लागते. आपल्याला हे नवीन नाही: 1878 चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट मराठीसारख्या देशी भाषांना लागू होता, इंग्रजी वृत्तपत्रांना नाही. संशय भाषेवरच होता.

दुसरं दार अनुवादाचं. एडवर्ड सईद यांनी 1990 मध्ये लिहिलंय की न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने त्यांच्याकडे तिसऱ्या जगातल्या कादंबऱ्या सुचवायला सांगितल्या. सईदांच्या यादीत नगीब महफूझ होते. नकार आला. कारण काय, तर अरबी ही वादग्रस्त भाषा! पुढे 1988 मध्ये महफूझना नोबेल मिळालं. सहर खलीफा यांची 'अस्सब्बार' 1976 ची, पण ती इंग्रजीत यायला 1985 उजाडलं.

तिसरं दार जरा फसवं, कारण ते उघडं दिसतं. पुस्तक येतं, पण ओळखू येणार नाही अशा वेषात. इजिप्तच्या नवाल अस्-सादावी यांच्या पुस्तकाच्या अरबी नावात अरब स्त्रीचा 'उघडा' चेहरा होता. 1980 च्या इंग्रजी आवृत्तीत तो ईव्हचा 'लपलेला' चेहरा झाला. बाई काय म्हणते यापेक्षा वाचकाला ती कशी दिसायला हवी, हे महत्त्वाचं ठरलं. पॅलेस्टिनी बाईला तर दोनच भूमिका मिळतात: घरच्या पुरुषांची बळी, नाहीतर युद्धाची. शिबलींची नायिका यांतल्या कुठल्याच साच्यात बसत नाही. ती स्वतः पुरावा शोधते.

तुम्ही परदेशात राहता, ही पुस्तकं तुमच्या लायब्ररीत मागवता येतात. हातात आलं की आधी तीन गोष्टी बघा: मूळ नाव काय होतं, मूळ वर्ष कोणतं, अनुवाद कोणी केला. आणि पुस्तक नसेलच, तर ते मागवायचा फॉर्म भरा. लायब्ररीतली मागणी कुठेतरी नोंदली जाते.